आईबाप जड होतात तेव्हा

एखाद्याच्या शब्दाला वजन आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्या माणसाला गावात पत आहे असे सांगायचे असते. कुणाला हलके लेखले की त्याचा अपमान होतो. आणि याच मराठीत म्हातारे आईबाप मुलांना ‘जड’ होतात. मान आणि ओझे एकाच तागडीत तोलणारी ही आपली भाषा बायबलमधल्या एका आज्ञेचा अर्थ फार जवळून दाखवते. आईबापांचा मान राखण्याची आज्ञा निर्गम आणि अनुवाद या दोन पुस्तकांत आली आहे. तिच्या मूळ हिब्रूतले क्रियापद ‘कब्बेद’, आणि त्याचा धातू वजनाचा आहे. दुष्काळ भारी पडला, मोशेची जीभ जड होती, हे सांगायलाही त्याच धातूचे शब्द येतात. उलट टोकाला ‘क-ल-ल’ हा हलके करण्याचा धातू आहे. आईबापांना शिव्याशाप देणाऱ्याविषयीचा कडक नियम निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात आहे, तिथे तोच वापरला आहे. ज्यांचे घरातले वजन वयाबरोबर उतरत चालले आहे त्यांना हलके होऊ देऊ नकोस, असा या आज्ञेचा गाभा आहे. ती मुळात कर्त्यासवरत्या मुलांना उद्देशून आहे आणि तिचा पहिला विषय म्हाताऱ्या आईबापांचा सांभाळ हा आहे, असे माझे मत आहे. लहान मुलांना धाकात ठेवण्याची छडी म्हणून ती वापरून आपण तिचे खरे काम तिच्याकडून काढून घेतले आहे.

वसईच्या कॅथलिक घरात ही चौथी आज्ञा, अहिल्यानगरच्या प्रोटेस्टंट घरात पाचवी. आज्ञा मोजण्याची पद्धत वेगळी, एवढाच तो फरक. शिकवण्याची रीत मात्र दोन्हीकडे बहुतेक सारखी: ती मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात घोकून घेतली जाते, आणि ऐकणाऱ्या मुलाला तिचा अर्थ ‘मोठ्यांचे ऐकावे’ एवढाच कळतो. आता दहा आज्ञा सलग वाचून पाहा. शब्बाथाच्या आज्ञेत ज्याच्याशी बोलणे चालले आहे त्याला मुलगा आहे, मुलगी आहे, दास-दासी आहेत, गुरेढोरे आहेत. शेवटच्या आज्ञेत त्याने शेजाऱ्याच्या बायकोवर, बैलावर, गाढवावर डोळा ठेवू नये असे सांगितले आहे. व्यभिचार करू नको, खोटी साक्ष देऊ नको, हेही दहा वर्षांच्या पोराला सांगितलेले नाही. मग या सगळ्यांच्या मधोमध येणारी एकच आज्ञा तेवढी बालवर्गासाठी, असे कसे होईल? ज्याच्या हातात शेत आहे, तिजोरीची किल्ली आहे, न्यायसभेत शब्द आहे, त्याला ती सांगितली आहे. तिला जोडलेले वचनही जमिनीवर दीर्घकाळ टिकून राहण्याचे आहे. ती जमीन बापाकडूनच आलेली असते. पेन्शन नाही, बँक नाही, अशा शेतकरी समाजात नांगर हातातून सुटलेल्या माणसाची भाकरी मुलाच्या मर्जीवर असते, आणि नेमक्या त्या मर्जीवर ही आज्ञा बंधन घालते. आईचे नाव तिच्यात बापाच्या बरोबरीने आहे. लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात तर आई आधी येते आणि बाप नंतर. ज्या समाजात विधवेला स्वतःचा आधार जवळजवळ नव्हता तिथे ही बरोबरी मला फार मोलाची वाटते.

मान राखायचा म्हणजे नेमके काय करायचे, याचे उत्तर यहुदी धर्मपंडितांनी अगदी घरगुती शब्दांत देऊन ठेवले आहे. तालमूदच्या किद्दुशीन या भागात यादीच आहे: खाऊ घालणे, पाणी देणे, अंगावर कपडे घालणे, पांघरूण घालणे, हात धरून आत आणणे, बाहेर नेणे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा ज्या घरात चालू आहे, तिथला माणूस ही यादी वाचताच ओळखेल. खाटेपासून मोरीपर्यंतची चार पावले चालवत नेण्याला अर्धा तास लागतो, तो अर्धा तास या यादीत आहे. जेरुसलेमच्या तालमूदमध्ये तर एका गुरूचे मत असे नोंदले आहे की देवाला वाहायचे ते जवळ असेल त्यातून वाहावे, पण आईबापांसाठी दारोदार भीक मागावी लागली तरी मागावी. आणि तिथेच दोन मुलांची गोष्ट आहे. एक मुलगा बापाला पुष्ट पाखरांचे मांस खाऊ घालतो. बाप विचारतो, बाळा, हे कुठून आणलेस? तर म्हणतो, म्हाताऱ्या, कुत्री खातात तसे मुकाट्याने खा. दुसरा मुलगा जाते ओढून पोट भरतो. राजाकडून जातेवाल्यांना वेठीचे बोलावणे येते, तेव्हा तो बापाला म्हणतो, तुम्ही माझ्या जागी दळायला बसा, तिकडे मी जातो. अपमान झाला, फटके बसले, तर ते माझ्या पाठीवर बसू देत. पाखरे खाऊ घालणारा नरकात गेला आणि बापाला जात्याला जुंपणारा स्वर्गात, असे ती गोष्ट सांगते. घास किती उंची होता यापेक्षा तो देताना तोंडातून काय निघाले, हे तिथे मोजले आहे.

येशूने या आज्ञेचा सर्वांत तपशिलात विचार केला तोही पैशाच्याच संदर्भात. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात तो ‘कुर्बान’ या प्रथेवर तुटून पडतो. आपल्याकडचा कुर्बान, कुर्बानी हा शब्द त्याच सेमिटिक मुळाचा. तुम्हाला माझ्याकडून जे मिळाले असते ते देवाला वाहिले, असे मुलाने एकदा शपथेवर म्हटले की ती वस्तू आईबापांपुरती वर्ज्य ठरायची. ती खरोखर मंदिरात जमा व्हायचीच असे नाही. जेरुसलेमजवळ सापडलेल्या त्या काळातल्या एका अस्थिपेटीवरच्या अरामी लेखात हाच शब्द आहे: या पेटीतले काही कुणी आपल्या उपयोगासाठी घेऊ नये, ते देवाला अर्पण आहे. म्हणजे हा शब्द लोकांच्या रोजच्या वापरातला होता. इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहात नोंद आहे की असा नवस आईबापांच्या मुळावर येत असेल तर त्यांच्या मानाखातर तो मोडता येतो, हे धर्मपंडितांनीही मान्य केले. त्यामुळे हा प्रसंग वाचून सरसकट यहुद्यांना नावे ठेवणे चुकीचे आहे. वाद धर्माच्या आतला होता, आणि तो आजही आपल्या घरात चालू असतो. देवळाच्या कळसाला, चर्चच्या नव्या घंटेला देणगी देऊन पाटीवर नाव कोरून घ्यायचे आणि आईच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन पुढच्या दिवाळीवर ढकलायचे, हे कुर्बानच आहे. येशूने तेव्हा आज्ञापालनाचा मुद्दा काढला नाही, मुले उलट बोलतात अशी तक्रार केली नाही. आईबापांना मिळायला हवे ते मिळाले की नाही, एवढेच विचारले.

यावर पहिला आक्षेप इफिसकरांच्या पत्राचा. तिथे सहाव्या अध्यायात मुलांना आईबापांचे ऐकायला सांगितले आहे आणि आधाराला हीच आज्ञा घेतली आहे. हे खरे आहे, आणि घरात वाढणाऱ्या मुलाने ऐकावे यात वावगे काही नाही. पण त्याच ओघात, चौथ्या वचनात, बापांनाही बजावले आहे की मुलांना चिडीला आणू नका. छडी उगारताना पहिली वचने पाठ असतात आणि चौथे कुणाला आठवत नाही. शिवाय मान आणि आज्ञापालन एकच असते तर पहिल्या राजे पुस्तकातला शलमोनाचा प्रसंग समजतच नाही. आई बथशेबा दरबारात येते तेव्हा राजा सिंहासनावरून उठतो, सामोरा जातो, तिला वाकून नमस्कार करतो, आपल्या उजव्या हाताला तिच्यासाठी आसन मांडायला लावतो. ती शलमोनाचा सावत्र भाऊ अदोनीया याच्यासाठी एक मागणे घालते. शलमोन ते साफ नाकारतो, कारण त्यात त्याला राज्यावरचा डाव दिसतो. पुढे त्याने अदोनीयाचा जीव घेतला, त्याचे समर्थन मी करणार नाही. पण आसन आणि नकार एकाच भेटीत आहेत, आणि नकारामुळे आसन काढून घेतलेले नाही. यहेज्केल संदेष्टा तर एका सबंध पिढीला सांगतो की बापांच्या वाटेने चालू नका. लग्न कुणाशी करावे, कोणता व्यवसाय धरावा, कुठे राहावे, याबाबत आईबापांचा शब्द न मानणारा मुलगा आज्ञा मोडतो असे ठरवणाऱ्यांनी शलमोनाचा हा प्रसंग पुन्हा वाचावा.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. लूकच्या चौदाव्या अध्यायात येशू म्हणतो की जो आईबापांचा द्वेष करत नाही तो माझा शिष्य होऊ शकत नाही. ‘द्वेष’ हा शब्द तिथे तुलनेचा आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोबाला आपली पहिली बायको लेआ नकोशी होती असे सांगताना मूळ शब्द द्वेषाचा आहे, आणि आधीच्याच वचनात त्याचा अर्थ राहेलपेक्षा कमी प्रेम एवढाच लावला आहे. मत्तयने तेच म्हणणे ‘माझ्यापेक्षा आईबापांवर अधिक प्रेम करणारा’ अशा अर्थाने मांडले आहे. तरीही या वचनाची धार पूर्ण बोथट होत नाही, आणि करूही नये. १८५४ साली बाबा पदमनजींनी बेळगावात बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या काळच्या मराठी घरांत असा निर्णय म्हणजे काय असे, हे त्यांच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्राच्या वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. श्रद्धेच्या, सदसद्विवेकाच्या प्रश्नावर आईबापांचा शब्द अखेरचा नाही, हे बायबल स्पष्ट मानते. सांभाळाची जबाबदारी मात्र त्याने सुटत नाही. योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायात वधस्तंभावर खिळलेला येशू खाली उभ्या असलेल्या आईकडे पाहतो आणि आपल्या लाडक्या शिष्याच्या हाती तिला सोपवतो. त्या घटकेपासून तो शिष्य तिला आपल्या घरी नेतो. प्रचाराच्या दिवसांत आई आणि भाऊ भेटायला आले असता माझी आई कोण, असा प्रश्न ज्याने केला होता, तोच हा मुलगा. पहिल्या तीमथ्यपत्रात तर स्वच्छ लिहिले आहे की घरच्या माणसांची तरतूद न करणारा अविश्वासणाऱ्याहूनही वाईट.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत गंभीर वाटतो. ज्या बापाने दारू पिऊन वर्षानुवर्षे मारले, ज्या घरात मुलीला सुरक्षित झोप लागली नाही, तिथे ही आज्ञा कोणत्या तोंडाने सांगायची? इथे मूळ शब्दांची निवड पुन्हा उपयोगी पडते. देवावर प्रेम कर, शेजाऱ्यावर कर, परक्यावरही कर, असे तोरा, म्हणजे बायबलची पहिली पाच पुस्तके, सांगते. आईबापांच्या बाबतीत मात्र प्रेमाची आज्ञा कुठेच नाही. मान आहे, धाक आहे, प्रेम नाही. प्रेम हुकमाने येत नाही आणि दुखावलेल्या मुलाकडे त्याची मागणी करणे क्रूर आहे, हे त्या लेखकांना कळत होते असे मी समजतो. बाराव्या शतकात इजिप्तमध्ये राहून लिहिणाऱ्या मायमोनिदीसने आपल्या धर्मशास्त्राच्या संहितेत ज्यांची मती फिरली आहे अशा आईबापांचा विचार केला आहे. त्यांच्या कलाने घ्यावे, आणि अगदीच सोसवेनासे झाले तर मुलाने निघून जावे, पण त्यांची नीट काळजी घ्यायला दुसऱ्या कुणाला नेमून जावे, असे तो म्हणतो. त्यावर आक्षेप घेणारे पंडित त्याच काळात होते. मला मायमोनिदीस बरोबर वाटतो. अंतर ठेवून, मधे माणूस ठेवून केलेला सांभाळ हाही सांभाळच. स्मृतिभ्रंश झालेल्या आईला घरी ठेवणे अशक्य झाले म्हणून चांगल्या शुश्रूषागृहात ठेवणाऱ्या मुलीला लोक नावे ठेवतात, तेव्हा त्यांना हे आठशे वर्षांपूर्वीचे मत दाखवावे. आणि मारहाण झाकायला धर्मगुरू ही आज्ञा पुढे करत असतील तर ते तिचा गैरवापर करत आहेत.

चौथा आक्षेप व्यवहाराचा: आता कायदा आहे, मग आज्ञेचे काय काम? २००७च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या कायद्याने सर्व धर्मांच्या मुलामुलींवर जबाबदारी टाकली, न्यायाधिकरणे नेमली, आणि दरमहा जास्तीत जास्त १० हजार रुपयांपर्यंत निर्वाह देववण्याची सोय केली. सांभाळण्याच्या अटीवर घर नावावर करून घेऊन मग बाहेर काढणाऱ्याचे बक्षीसपत्रही रद्द होऊ शकते. हा कायदा हवाच होता. पण तो भाकरी देववतो. पाखरे खाऊ घालणाऱ्या मुलाची जीभ त्याच्या कक्षेत येत नाही. कायद्याने मुलगा-मुलगी असा भेद केलेला नाही हे मात्र चांगले झाले, कारण आज्ञेनेही तो केलेला नाही, आपल्या घरांनी केला आहे. आणि घरांनी आणखी एक केले: जबाबदारी मुलाची, हात सुनेचे. प्रवचनात त्यासाठी बायबलमधल्या रूथचे उदाहरण देतात. ते उदाहरण नीट पाहावे. सासू नामी तिला परत जायला सांगते. दुसरी सून अर्पा रडून परत जाते आणि ग्रंथकार तिच्याविषयी एक वाईट शब्द लिहीत नाही. रूथ थांबली ती तिची खुशी, तिच्यावर कुणाचा हक्क नव्हता. दुपारी शेतात तिला भाजलेले धान्य मिळाले, ते तिने पोटभर खाल्ले, उरलेले बांधून ठेवले, आणि संध्याकाळी घरी येऊन दिवसभर वेचलेल्या सातूसोबत ते सासूच्या पुढ्यात ठेवले. नामीला दोन मुलगे होते. दोघेही तोवर मोआबात वारले होते.