मुकादमाचे अद्वैत

तत्त्वज्ञान हा भरल्या पोटाचा विषय आहे, आधी व्यवहार पाहा, असे आपल्यातले जाणते कार्यकर्तेही सांगू लागले आहेत. अभ्यासवर्गात समतेवरचे व्याख्यान ऐकायचे आणि बाहेर पडताच ‘व्यवहार वेगळा असतो’ म्हणायचे, ही सवय आपल्या अंगवळणी पडली आहे. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. तत्त्वज्ञानावाचून चालणारा व्यवहार जगात कोठेही नसतो. तो कोणाच्या तत्त्वज्ञानाने चालतो, एवढाच प्रश्न असतो.

उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. सिरसाळ्यात आणि परळी तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवर दसरा-दिवाळीच्या आगेमागे होणारा सौदा पाहावा. मुकादम उचल देतो, वहीत नोंद करतो आणि माणसांनी भरलेली वाहने पश्चिम महाराष्ट्रातल्या व कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. त्या वहीत माणूस मोजला जात नाही, कोयता मोजला जातो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा आला तर अर्धा. उचल नवऱ्याच्या हाती पडते, हिशेबही त्याच्याशीच होतो. ऊस तोडणारी, मोळ्या बांधणारी, डोक्यावरून वाहून गाडी भरणारी बायको वहीत बहुधा नावानेही नसते.

जवळच अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. ‘विवेकसिंधू’त त्यांनी मराठीतून अद्वैत सांगितले. मुकादमाच्या वहीतही एक अद्वैत आहे: देह दोन, कोयता एक. मात्र हे अद्वैत मोठे सोयीचे आहे. मजुरी देताना ती नवऱ्यात विलीन होते. पण आजारपणामुळे ती फडात गेली नाही की लगेच तिचे अस्तित्व सिद्ध होते, जोडी मोडते, खाडा पडतो आणि दंड लागतो. कमाईत लुप्त आणि दंडात हजर, अशी ही मोजदाद आहे. हे तत्त्वज्ञान नव्हे तर काय?

या तत्त्वज्ञानाची किंमत कोणी मोजली? २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. वैद्यकीय नफेखोरी, अज्ञान, फडावर पाण्याचा आणि शौचालयाचा अभाव ही कारणे आहेतच. परंतु ज्या हिशेबात पाळीला, बाळंतपणाला आणि दुखण्याला जागाच नाही, त्या हिशेबाने स्त्रीचे शरीर आपल्या मापाचे करून घेतले, असेच म्हणावे लागते.

जोतीराव फुल्यांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झाले. माणसाच्या हक्कांविषयी लिहिताना जोतीराव त्यात स्त्री आणि पुरुष या दोघांचा स्वतंत्र उच्चार आग्रहाने करतात. तो शब्दांचा हव्यास नव्हता. जिचा उच्चार होत नाही तिचा हिस्सा इतरांच्या हिश्शात बुडतो, हे त्यांनी ओळखले होते. १९७६ साली देशात समान वेतनाचा कायदा झाला. पुढे तो वेतन संहितेत सामावला. परंतु वेतन व्यक्तीला मिळते, असे कायदा गृहीत धरतो. येथे ते कोयत्याला मिळते! जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्क्यांची वाढ मान्य झाली, तिचे स्वागतच आहे. पण शून्यात कितीही टक्के वाढ केली तरी उत्तर शून्यच येते, हे अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने सांगण्याची गरज नसावी.

आणि या प्राध्यापकाने तरी काय केले? मी सारी हयात फळ्यावर आलेख काढून मजुरीचा सीमान्त उत्पादकतेचा सिद्धान्त शिकविला. वर्गातली काही मुले दिवाळीनंतर आईबापांबरोबर फडावर जात. मी हजेरीपटावर ‘गैरहजर’ एवढेच लिहीत राहिलो. ज्यांच्या आयांची मजुरी कोणत्याच वहीत नव्हती, त्यांना मी मजुरीचा सिद्धान्त शिकवीत होतो. माझी वही मुकादमाच्या वहीहून फारशी निराळी नव्हती, ही कबुली उशिरा का होईना, दिली पाहिजे.

म्हणून मागणी साधी आहे. येत्या हंगामात प्रत्येक जोडीच्या नावे वहीत दोन ओळी असाव्यात. वजन दोघांचे मिळून होते, तर मजुरी निम्मी-निम्मी मांडावी आणि तिची तिच्या खात्यावर जावी. जी उचल तिने घेतली नाही ती तिच्या माथी मारू नये. आजारपणाचा खाडा दंडातून वगळावा. याने घरे मोडतील, संघटना फुटेल, असे म्हटले जाईल. बायकोचे नाव लिहिल्याने जे घर मोडते ते कशावर उभे होते, हे त्यांनी सांगावे. आपल्यातल्या काही साथींच्या घरी मुकादमी आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. सुरुवात त्यांच्या वहीपासून झाली पाहिजे. कारखान्याच्या दाराशी मोर्चा त्यानंतर.

साथींनो, पुढच्या अभ्यासवर्गाला समतेवरचे पुस्तक जरूर आणा. सोबत ती वहीही आणा. दोन्ही शेजारी ठेवून वाचू.