माळरानावर खड्डे खणण्याआधी थांबा

मे महिना उजाडला की सासवड, बारामती, इंदापूर, फलटण, सांगोला, करमाळा या पट्ट्यातल्या माळांवर जेसीबी चढू लागतात. पावसाळ्यातल्या वृक्षारोपणाची ही तयारी असते. जूनच्या पहिल्या आठवड्यात पर्यावरण दिन येतो आणि त्यामागून रोपांचे टेम्पो, कंपन्यांचे स्वयंसेवक, शाळेची मुले, फलक आणि छायाचित्रे. या मंडळींचा हेतू चांगला असतो, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. म्हणूनच ही विनंती त्यांनाच आहे. झाडे जरूर लावा, पण माळावर लावू नका. हवेतला कार्बन कमी व्हावा म्हणून तुम्ही जिथे कुदळ मारायला निघाला आहात, तिथे तो आधीच जमिनीत मुरलेला आहे आणि खड्डा खणताच त्यातला काही भाग हवेत जाणार आहे.

हिशेब नीट पाहू. पान झाडाचे असो वा गवताचे, उन्हात ते हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते आणि त्याची साखर करते. त्यातली निम्म्याच्या आसपास साखर वनस्पती स्वतःच्या श्वसनातच खर्च करते, म्हणजे तेवढा कार्बन लगेच परत जातो. उरलेल्यातून खोड, पाने, मुळे तयार होतात. ती मेली की वाळवी, बुरशी आणि जिवाणू त्यांच्यावर जगतात आणि त्यांच्या श्वसनातून पुन्हा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जगभरातल्या जमिनीवरच्या वनस्पती वर्षाला सुमारे १२० अब्ज टन कार्बन ओढून घेतात आणि जवळपास तेवढाच परत जातो. कोळसा, तेल आणि वायू जाळून माणूस वर्षाला साधारण १० अब्ज टन कार्बन सोडतो. त्यातला तीन दशांशाच्या आसपास वाटा जंगले, कुरणे आणि त्यांची माती पोटात घेते म्हणून आज आपण निभावतो आहोत.

ही देवाणघेवाण हवेत मोजता येते. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू केली. उत्तर गोलार्ध हिरवा झाला की हवेतला कार्बन डायऑक्साइड उतरतो, पानगळीनंतर चढतो, हे त्यांच्या आलेखात दरवर्षी दिसते. पण उतार कधीच चढाला पुरा पडत नाही. तेव्हा दहा लाख भागांत ३१५ भाग होते, आता ४२० च्या वर गेले आहेत. अशा वेळी एखाद्या जागेने किती कार्बन ओढला यापेक्षा तिने तो किती काळ धरून ठेवला, याचे मोल जास्त.

आता आपल्या माळाकडे या. जूनमध्ये उघडाबोडका दिसणारा माळ जुलैत पालवतो. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवते उन्हाळी, कोरड्या मुलखासाठीच घडलेली आहेत. त्याच पाण्यात बहुतेक झाडांपेक्षा ती जास्त कार्बन बांधतात. दिवाळीनंतर माळ पिवळा पडतो, मेंढरे चरून जातात, फाल्गुनात पाहणाऱ्याला तिथे काहीच उरलेले दिसत नाही. खरा साठा मात्र पायाखाली असतो. गवताळ प्रदेशातला बहुतेक कार्बन मुळांत आणि मातीत असतो. दरवर्षी बारीक मुळांचे जाळे मरते, नवे फुटते. मेलेल्याचा काही अंश चिकणमातीच्या कणांना चिकटून ढेकळांच्या आत अडकतो. तिथे जिवाणूंचे सहज चालत नाही. हा कार्बन दशके, कधी शतकेही तसाच राहतो. जगातल्या मातीच्या वरच्या एका मीटरच्या थरात सुमारे १५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे. सगळ्या वातावरणातला आणि सगळ्या वनस्पतींतला कार्बन मिळूनही तेवढा भरत नाही.

जेसीबीचा दात या मातीत शिरला की ढेकळे फुटतात, हवा आत जाते, आणि इतकी वर्षे हाताशी न आलेले अन्न जिवाणूंपुढे उघडे पडते. त्यात आपण खणतो ते ऐन मे महिन्यात. सुकलेल्या मातीवर पहिला पाऊस पडला की सूक्ष्मजीव एकदम जागे होतात आणि कार्बन डायऑक्साइडचा लोट बाहेर पडतो. एच. एफ. बर्च या मृदाशास्त्रज्ञाने पूर्व आफ्रिकेत काम करताना १९५० च्या दशकात हे नोंदवले, आणि आज ते त्याच्याच नावाने ओळखले जाते. अखंड माळावरही हे घडतेच. पण उलथलेल्या, फोडलेल्या मातीत त्या जिवाणूंना खायला कितीतरी जास्त मिळते. उतारावर सलग चर खणले असतील, तर सैल झालेली माती पहिल्या जोरदार सरीत ओढ्याला लागते, ते वेगळेच.

मग रोपांचे काय होते? पाचशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात मुरमावर लावलेले रोप दोन उन्हाळे टँकरशिवाय काढत नाही. जी टिकतात ती गिरिपुष्पासारखी, सुबाभळीसारखी. त्यांच्या सावलीत गवत मरते. पुढे कधी आग लागली तर खोडातला कार्बन धुरात जातो. गवताचा बहुतांश साठा मात्र जमिनीखाली सुखरूप राहतो. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये हेच दाखवले की दुष्काळ आणि वणवे वाढत जाणार असतील, तर तिथे जंगलांपेक्षा गवताळ प्रदेश कार्बनचा जास्त भरवशाचा साठा ठरतात. काही अतिकोरड्या ठिकाणी झुडपे वाढल्यावर मातीतला कार्बन वाढल्याचेही आढळले आहे, हे मी लपवणार नाही. पण त्या अनिश्चित लाभासाठी जे खात्रीने गमवायचे, ते फार मोठे आहे: चिंकारा, लांडगा, खोकड, धाविक, चंडोल, आणि शतकानुशतके मेंढरे घेऊन या वाटेने जाणारा धनगर.

“पूर्वी इथे दाट जंगल होते, ते तोडले गेले म्हणून माळ झाला,” असे अनेकदा सांगितले जाते. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी जुन्या मराठी ग्रंथांतले आणि लोकसाहित्यातले रानझाडांचे उल्लेख तपासले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार पश्चिम महाराष्ट्रातली ही काटेरी, गवताळ राने निदान साडेसातशे वर्षे तरी अशीच आहेत. ज्या भूमीच्या खुणा आपल्याच संतांनी आणि जात्यावर बसलेल्या बायाबापड्यांनी जपून ठेवल्या, ती बिघडलेले जंगल मानून दुरुस्त करायला निघणे मला सहन होत नाही.

तरीही सरकारी नकाशांत यातली पुष्कळ जमीन पडीक म्हणून रंगवलेली असते. वनक्षेत्र आणि झाडोरा वाढवून २०३० पर्यंत अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड शोषण्याइतकी वाढीव क्षमता उभी करण्याचे वचन देशाने जगाला दिले आहे. आपल्या राज्याने २०१९ च्या एकाच पावसाळ्यासाठी ३३ कोटी झाडांचे उद्दिष्ट ठेवले होते. एवढी रोपे लावायला मोकळी जागा लागते, आणि मोकळी दिसते ती माळाचीच.

म्हणून सांगते, यंदा रोपे तयार असतील तर ती ओढ्याकाठी, शेताच्या बांधावर, गावठाणात, शाळेच्या आवारात, रस्त्याच्या कडेला लावा. कोकणात आणि घाटात तुटलेली राने सांभाळा, देवराई आणि खारफुटी वाचवा. तिथे झाडाचे काम झाडच करते. कंपन्यांनी सामाजिक निधी द्यायचाच असेल, तर माळावर पसरलेली वेडी बाभूळ काढायला, गवताचे बी गोळा करायला आणि कुरण राखणाऱ्यांच्या मजुरीला द्यावा. मुख्याध्यापकांनी मुलांना जुलैत खड्डे भरायला न नेता सप्टेंबरात गवत ओळखायला न्यावे. अधिकाऱ्यांना हात जोडून विनंती आहे, अंदाजपत्रकात सलग चरांचा आकडा भरण्याआधी त्या जागेवर काय उगवते ते एका पावसाळ्यात चालून पाहा.

आणि माळालगतच्या गावकऱ्यांनो, सगळ्यात मोठा अधिकार तुमच्या हातात आहे. गायरानावर वृक्षारोपणाचा प्रस्ताव आला असेल तर ग्रामसभेत उभे राहून विचारा: जागा कोणी पाहिली, कोणती झाडे लावणार, पाणी कुठून आणणार, मेंढरे कुठे चरणार? जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्याखालच्या लोक जैवविविधता नोंदवहीत तुमच्या माळाची गवते, पक्षी आणि प्राणी नावानिशी लिहून घ्या. माळ कुरण म्हणून राखण्याचा ठराव मांडा आणि त्याची प्रत तालुक्याला पाठवा. जेसीबी येण्याआधी हे व्हायला हवे, कारण एकदा उलथलेला माळ पुन्हा पहिल्यासारखा व्हायला कित्येक दशके लागतात. ग्रामसभेची तारीख आजच विचारून घ्या.