शिळं वाढण्याची लाज

कथासंग्रह हातात आला की मी आधी अनुक्रमणिका वाचतो, आणि मग तिच्यात काय नाही ते शोधत बसतो. रिकामटेकडा उद्योग आहे, पण स्कॉट फिट्झजेराल्डच्या बाबतीत तो हमखास फळतो. या गृहस्थाने दीडशेहून अधिक कथा नियतकालिकांना विकल्या आणि स्वतःच्या चार संग्रहांत घेतल्या जेमतेम ४६.

स्क्रिब्नर्स या त्याच्या प्रकाशकाचा रिवाज ठरलेला होता. कादंबरी आली की पाठोपाठ कथासंग्रह. त्या हिशेबाने १९२०, १९२२, १९२६ आणि १९३५ मध्ये ही पुस्तकं निघाली.

दुसरा संग्रह 'टेल्स ऑफ द जॅझ एज'. त्यात अनुक्रमणिकेतच प्रत्येक कथेखाली लेखकाचा शेरा आहे. 'द कॅमल्स बॅक'बद्दल तो सांगून टाकतो, की सहाशे डॉलरचं हिरेजडित मनगटी घड्याळ घ्यायचं होतं म्हणून ती न्यू ऑर्लीन्समध्ये एका दिवसात लिहिली. सकाळी सातला बसलो, रात्री दोनला उठलो. वर हेही, की या संग्रहात सगळ्यात कमी आवडते ती हीच. न आवडणारी कथा पुस्तकात घालायची आणि तसं छापूनही टाकायचं! पंचविशीतला माज आहे हा, पण मला तो गोड वाटतो.

पुढे हात आखडत गेला. 'विंटर ड्रीम्स' १९२२ मध्ये मासिकात आली तेव्हा तिच्यात नायिकेच्या घराचं एक वर्णन होतं. ते त्याने उचलून 'द ग्रेट गॅट्सबी'त डेझीच्या घराला दिलं, आणि १९२६ च्या 'ऑल द सॅड यंग मेन'मध्ये ही कथा घेताना तिथून काढून टाकलं. 'टेंडर इज द नाइट' या पुढच्या कादंबरीला नऊ वर्षं लागली. या काळात घर चाललं ते कथांवर. 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट' एका कथेचे चार हजार डॉलरपर्यंत देत होतं. याच कथांमधून तो वाक्यं, प्रसंग, माणसं कादंबरीसाठी काढून घेत होता, आणि जिच्यातून जास्त काढलं ती कथा त्याच्या लेखी संपली. 'जेकब्ज लॅडर' अशीच गेली.

१९३५ च्या 'टॅप्स ॲट रेव्हेली'तली एक तळटीप तर पाहाच. 'अ शॉर्ट ट्रिप होम'मधला एक वर्णनपर परिच्छेद कादंबरीत वापरला गेला होता. तो मूळ कथेत तसाच ठेवताना, वाचकाला शिळं गरम करून वाढल्यासारखं वाटेल हा धोका पत्करतो आहे, असं तो तिथे लिहितो. एका परिच्छेदासाठी एवढा संकोच! शिळ्या कढीला ऊत आणण्यात आयुष्य गेलेले लेखक आठवून मला हसू आलं.

म्हणून जाडजूड 'समग्र'पेक्षा लेखकाने स्वतः निवडलेला संग्रह मला प्यारा. फिट्झजेराल्ड नव्याने वाचणाऱ्याने 'ऑल द सॅड यंग मेन' घ्यावा. कथा नऊच, पण 'द रिच बॉय', 'विंटर ड्रीम्स' आणि 'ॲब्सोल्यूशन' एकाच पुस्तकात मिळतात.

पण एका कथेपाशी माझा हट्ट सैल पडतो. १९३० ची 'वन ट्रिप अब्रॉड'. पैसा आणि सवड असलेलं एक तरुण अमेरिकन जोडपं अल्जीरियापासून फिरायला लागतं आणि हळूहळू नासत जातं. वाटेत दुसरं एक जोडपं वारंवार दिसतं, दर वेळी थोडं अधिक उतरलेलं. शेवटी स्वित्झर्लंडमधल्या आरोग्यधामात, वादळी रात्री, त्यांना कळतं की ते दोघे म्हणजे आपणच. कादंबरीने हिचा पुष्कळ ऐवज नेला आणि लेखकाने हिला चारही पुस्तकांबाहेर ठेवलं. मला ती भेटली ती मॅथ्यू ब्रुकोलीने १९८९ मध्ये केलेल्या ४३ कथांच्या निवडीत. फिट्झजेराल्डला जाऊन तेव्हा ४९ वर्षं झाली होती.