दार कधी तोडायचे?

परवा सोलापुरातल्या एका वस्तीत बैठक होती. विडी कामगार बायका मांडीवर सूप घेऊनच बसल्या होत्या. बोलता बोलता एकीने विचारले, "ताई, दिवसा तुम्ही पोलीस ठाण्यावर मोर्चा नेता आणि रात्री 'सी.आय.डी.' बघता. हे कसं काय?" सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो. उत्तर मात्र चटकन देता आले नाही. तेच इथे मांडत आहोत.

'सी.आय.डी.' ही मालिका जानेवारी १९९८ मध्ये सोनी वाहिनीवर सुरू झाली, २०१८ पर्यंत चालली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा आली. निर्माते बी. पी. सिंह आणि एसीपी प्रद्युम्न झालेले शिवाजी साटम मराठी प्रेक्षकांना त्याआधीच दूरदर्शनच्या 'एक शून्य शून्य'मुळे ठाऊक होते. म्हणजे हे घरातलेच प्रेम.

आवडते काय, तर तिथे मेलेल्या बाईविषयी कोणीतरी प्रश्न विचारते. "स्टोव्हचा भडका उडाला", "पाय घसरून विहिरीत पडली" ही वाक्ये आपण वर्षानुवर्षे ऐकली. मालिकेत मात्र तुटलेली बांगडी उचलून पाहिली जाते, पेल्यातले पाणी तपासले जाते, डॉ. साळुंखे मृतदेहाला बोलते करतात. प्रत्यक्षातला कायदाही हेच सांगतो. लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाईने आत्महत्या केली किंवा तिचा संशयास्पद मृत्यू झाला, तर शवविच्छेदन व्हायला हवे. ही तरतूद १९८३ साली आली, ती बायका रस्त्यावर उतरल्या म्हणून. आज ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्ये आहे.

मग खुपते काय? पहिली गोष्ट म्हणजे मालिकेला बाईची आठवण येते ती ती मेल्यावर. इन्स्पेक्टर दया लाथ मारून दार तोडतो तेव्हा आत बहुधा प्रेत असते. आदल्या आठवड्यात हीच बाई सुजलेला चेहरा घेऊन ठाण्याच्या पायरीवर बसलेली असेल, तो भाग कधीच दाखवत नाहीत. आमच्याकडे येणाऱ्या बायका तो रोज सांगतात. "घरातलं भांडण आहे, घरातच मिटवा," असे ऐकवून, फार तर एन.सी. नोंदवून त्यांना परत पाठवले जाते. जिवंतपणीच्या छळासाठी ४९८-अ हे कलमही १९८३ सालीच आले. आता न्याय संहितेत ते ८५ आणि ८६ आहे. तेव्हाच ते लावले असते, तर दार तोडायची वेळ आली नसती.

दुसरी गोष्ट, शेवटची थप्पड. एक थप्पड बसते, आरोपी घडाघडा कबूल होतो आणि आपल्यालाही बरे वाटते, हे खोटे कशाला सांगा? पण पोलिसांपुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही. १८७२ च्या कायद्यातले हे तत्त्व २०२३ च्या साक्ष्य अधिनियमातही आहे. पंचनामा ढिसाळ, मुद्देमाल गहाळ, साक्षीदार फुटलेले असतील, तर थपडेने काहीच सिद्ध होत नाही. आरोपी सुटतो आणि मुलीची आई कोर्टाच्या आवारात बसून राहते.

शिवाय पोलिसांचा हात कोणावर उठतो, हे आपण विसरू शकत नाही. १९७२ साली देसाईगंजच्या ठाण्यात मथुरेवर बलात्कार झाला. तिच्या अंगावर जखमा नाहीत म्हणून १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले. त्या निकालाविरुद्धच्या संतापातून आपली चळवळ देशभर उभी राहिली. आणि आपल्या सोलापुरातच तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट होती. जन्मावरून माणसांना गुन्हेगार ठरवणारा तो कायदा १९५२ साली गेला, पण चोरी झाली की आधी पारध्याच्या पोराला उचलायची रीत गेली नाही. पडद्यावरच्या थपडेला आपण टाळी देतो, तेव्हा ती त्या पोराच्या गालावरही बसते.

तिसरी गोष्ट लहान, पण सलणारी. या पथकातले पुरुष वर्षानुवर्षे तेच राहिले, महिला अधिकारी मात्र येत गेल्या नि जात गेल्या. बायकोला घाबरणारा फ्रेडी हा नेहमीचा विनोद. याच्या कितीतरी आधी, १९८९ साली, कविता चौधरींनी 'उडान'मध्ये आपल्या पोलीस अधिकारी बहिणीच्या आयुष्यावरून कल्याणी उभी केली होती. तिला घर होते, अपमान होते, जिद्द होती.

मग बघणे सोडायचे का? आम्ही तरी सोडणार नाही. त्या बैठकीत मात्र एक ठरले. भाग संपला की टीव्ही बंद करून दोन प्रश्नांवर बोलायचे. ही बाई जिवंत असताना कोणाकोणाला ठाऊक होते? आणि ती आपल्या गल्लीत असती, तर आपण केव्हा तिचे दार ठोठावले असते? पहिल्याच दिवशी एक म्हातारी विडीचा दोरा गुंडाळत म्हणाली, "आमच्या शेजारणीला मारतेत, आवाज येतो. आम्ही टीव्ही मोठा करतो." बराच वेळ कोणी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघी जणी त्या शेजारणीकडे जाऊन आल्या.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात, वस्तीत असा प्रयोग केलात, तर जरूर कळवा. पुढच्या अंकात त्यासाठी जागा राखून ठेवली आहे.