सहा भागांतला संसार

कथा जितकी लांबवावी तितकी ती सखोल होते, हा दैनंदिन मालिकांनी रुजविलेला भ्रम होय. स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमन यांनी १९७३ सालीच तो खोटा ठरविला. त्यांची ‘सीन्स फ्रॉम अ मॅरेज’ ही दूरचित्रवाणी मालिका अवघ्या सहा भागांची. योहान व मारियान हे सुशिक्षित दाम्पत्य प्रारंभी एका मासिकाच्या मुलाखतीत आपल्या सुखी संसाराचे वर्णन करते; तिसऱ्या भागात योहान पॉला नावाच्या स्त्रीसाठी घर सोडतो.

ही पॉला पडद्यावर मात्र कधीच दिसत नाही. खलनायिका उभी करून प्रेक्षकांचा रोष तिच्यावर वळविणे सोपे होते. बर्गमन यांनी ते टाळले. कारण मनातले मनातच ठेवण्याच्या सवयीने संसाराला तडा आधीच गेलेला होता. दुसऱ्या भागाचे शीर्षकच मुळी केर जाजमाखाली सारण्याच्या कलेविषयी आहे. कथा सुमारे दहा वर्षांची. पण मधला काळ वगळून निर्णायक संभाषणे तेवढी दाखविली आहेत. गाळलेल्या जागा प्रेक्षकाने स्वानुभवाने भरायच्या.

कारस्थानांवाचून मालिका वर्षानुवर्षे रेटता येत नाही. संक्षिप्त कथेला त्यांची गरजच पडत नाही. घर मोडते ते बाहेरच्या माणसामुळे की आत न बोललेल्या शब्दांमुळे, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने स्वतःला विचारावा, एवढे सामर्थ्य या सहा भागांत निश्चितच आहे.