कुलूपबंद बंगले आणि कोकणातील भांडवल

कोकणात भांडवल येत नाही, ही तक्रार आम्ही बरीच वर्षे ऐकत आलो आहोत, आणि आम्ही स्वतःही ती अनेकदा केली आहे. पण सावित्री, वाशिष्ठी किंवा जयगडच्या खाडीकाठी आपल्या कोणत्याही गावात जाऊन पाहावे. दुमजली बंगले, संगमरवरी फरशी, भलेमोठे लोखंडी फाटक आणि फाटकाला कुलूप. मे महिन्यात चार-सहा आठवडे दिवे लागतात. उरलेले वर्षभर शेजारची एखादी खाला किल्ली सांभाळते.

१९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखातात कामे निघाली आणि जहाजांवर व आफ्रिकेत आधीपासूनच जाणारा कोकणी मुसलमान कुवेत, दुबई, सौदीकडे वळला. पैसा आला. तो भिंतींत, सोन्यात आणि लग्नांत गेला. घर बांधणाऱ्याला आम्ही नावे ठेवणार नाही. ज्याने तारुण्य सहाजणांच्या एका खोलीत काढले, त्याने स्वतःसाठी चार खोल्या बांधल्या तर कोणी बोलू नये. मात्र बंगला पुरा झाला की गवंडी, सुतार, रंगारी दुसऱ्या गावी जातात आणि त्या पैशाची वाटचाल तेथेच थांबते. ऑगस्ट १९९० मध्ये कुवेतवर हल्ला झाला आणि २०२० मध्ये कोरोना आला, तेव्हा परतलेल्या माणसांच्या नावावर बंगला होता, पण गावात करायला काम नव्हते.

बाहेरच्या मोठ्या भांडवलाचा अनुभवही कोकणाला आहे. एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प गुहागर तालुक्यात आला तेव्हा देशातील सर्वांत मोठी परकीय गुंतवणूक म्हणून त्याचा गाजावाजा झाला. १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार, १९९५ मध्ये तो रद्द, पुन्हा वाटाघाटी, १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची वीज, २००१ मध्ये दरावरून वीज मंडळाशी बिनसून प्रकल्प बंद, आणि त्याच वर्षी डिसेंबरात खुद्द एन्रॉनचेच दिवाळे. लोटे परशुरामच्या रासायनिक वसाहतीने नोकऱ्या दिल्या हे खरे, पण दाभोळ खाडीत मासे मरून तरंगतात तेव्हा ते भोगावे लागते खाडीवर पोट असलेल्याला. आम्ही कारखान्यांच्या विरोधात नाही. आमचे म्हणणे एवढेच की ज्या भागात तेथल्या लोकांचाच पैसा फिरत नाही, तेथे बाहेरचा येतो तो जमीन आणि पाणी घेण्यासाठी. त्याच्याशी घासाघीस करण्याची ताकद गावाजवळ नसते. आपला पैसा धंद्यात असेल, चालू कारखाना आणि स्वच्छ हिशेब दाखवता येत असेल, तर बाहेरचा माणूसही भागीदार म्हणून येऊ शकतो.

काजूचे उदाहरण घेऊ. बी येते साधारण फेब्रुवारी ते मे या काळात. बी विकायला आणणाऱ्याला रोख पैसे हवे असतात, तो दिवाळीपर्यंत थांबत नाही. म्हणजे ज्याला वर्षभर कारखाना चालवायचा आहे, त्याने वर्षाचा सगळा माल या तीन-चार महिन्यांत घेऊन ठेवला पाहिजे. रोज एक क्विंटल बी फोडणारे लहान युनिट धरा. वर्षाचे ३०० दिवस काम, म्हणजे ३०० क्विंटल बी. किलोला १२० रुपये धरले तर नुसत्या बियांचे ३६ लाख रुपये झाले. चार किलो बीतून साधारण एक किलो गर निघतो. उकडणे, फोडणे, वाळवणे, साल काढणे, प्रतवारी ही सगळी हाताची कामे, आणि त्यांत बायकांना गावातल्या गावात मजुरी मिळते. पण ३६ लाख जवळ नसले की युनिट चार-पाच महिने चालते आणि बंद पडते. आपल्या डोळ्यांदेखत बी बाहेर जाते. विशेष म्हणजे देशातले काजू कारखाने आफ्रिकेतून जहाजे भरभरून कच्ची बी आणतात. मालाला मागणी नाही असे कोणी म्हणू नये.

यंत्रासाठी योजना असतात. लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० साली केंद्राने जी योजना काढली तिच्यात ३५ टक्के, कमाल १० लाख अनुदान ठेवले होते. पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेले. व्याजाला हात लावायचा नाही असे ठरवलेला कारागीर तेथेच अडतो. बिनव्याजी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये ठरवले, तेव्हा तिकडे डोळे लावून बसण्यात अर्थ नाही. आंब्याचेही तेच. हंगामापूर्वी वाशीच्या दलालाची उचल घेतली की पेटी त्याच्याकडेच पाठवावी लागते आणि पट्टी येईल ती मुकाट्याने घ्यावी लागते. उचलीला व्याज म्हणत नाहीत एवढेच!

मग पैसा आणायचा कसा? आपल्याला ते ठाऊक आहे. मिरकरवाड्याला, हर्णैला बोट किनाऱ्याला लागते तेव्हा खर्च वजा जाता उरलेल्याचे वाटे पडतात: बोटीचा, जाळ्याचा, तांडेलाचा, खलाशांचा. मासळी लागली तर सगळ्यांना, नाही तर डिझेलचा खर्चही अंगावर. फिकहच्या पुस्तकांतील मुदारबा आणि मुशारका याहून फार दूर नाहीत. हाच हिशेब काजूला लावावा. एकेक लाखाचे ३६ वाटे. आखातातला भाऊ, निवृत्त शिक्षक, किराणावाला, ज्याला जमेल त्याने घ्यावेत. कारखाना चालवणाऱ्याचा वाटा वेगळा. नफा आधी ठरलेल्या प्रमाणात आणि तोटा भांडवलाच्या प्रमाणात.

यावर वाचक म्हणतील, असे पैसे बुडालेले आम्ही पाहिले आहेत. खरे आहे. २०१९ मध्ये बेंगळुरूची आय. एम. ए. कोसळली, ती हलाल नफ्याच्या नावावरच पैसे गोळा करत होती. दर महिन्याला ठरावीक रक्कम देऊ असे म्हणणारा भागीदारी करत नसतो, तो ठेव घेत असतो. २०१९ च्या कायद्याने अनियंत्रित ठेव योजनांना बंदीही आहे. भागीदाराला वखार उघडून पोती मोजता आली पाहिजेत. पण आपल्याकडे धंदे बुडतात ते लबाडीपेक्षा कागद नसल्यामुळे अधिक, असे आमचे मत आहे. चुलत्याने पुतण्याला पाच लाख दिले, ते कर्ज होते की भांडवल हे दोघांनीही विचारले नाही, आणि तीन वर्षांनी जमातीपुढे तंटा. सूरह बकराची २८२ वी आयत देवघेव साक्षीदारांसमोर लिहून ठेवायला सांगते. आपण म्हणतो, आपसांत कसले कागद?

१९३२ च्या कायद्याखाली भागीदारी नोंदवता येते. माणसे जास्त असतील तर २००८ च्या कायद्याखालील मर्यादित दायित्वाची भागीदारी बरी, कारण तिच्यात प्रत्येकाची जोखीम त्याच्या वाट्यापुरती राहते आणि हिशेब दरवर्षी दाखल करावा लागतो. परदेशस्थ भारतीयालाही आपल्या अनिवासी खात्यातून पैसे घालता येतात. फक्त शेती, बागायत आणि जमीनजुमल्याच्या धंद्यात नाही. कारखान्याला ती आडकाठी नाही, तरी आधी सनदी लेखापालाला विचारावे.

फेब्रुवारीत बी पडू लागेल. त्यापूर्वी करार लिहून व्हावा, नोंदणी व्हावी, खाते उघडावे आणि कोरडी वखार भाड्याने घ्यावी. वखारीसाठी फार शोधाशोध करावी लागू नये. गावात कुलूपबंद बंगले आहेतच, आणि बहुतेकांचे तळमजले रिकामे आहेत.