काकू पुन्हा पडल्या

आमच्या इमारतीतल्या काकू परवा पुन्हा पडल्या. यावेळी खुबा मोडला. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच बोलतोय, "वय झालं आता, जपून चालायला नको का?"

अहो, त्या जपूनच चालतात! वीस वर्षं मल्टिपल स्क्लेरोसिस आहे त्यांना. यात आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवरचं आवरण खराब करते. पायाला निरोप उशिरा पोचतो, कधी अर्धवटच. पाऊल पूर्ण उचललं जात नाही, बोटं फरशीला अडकतात. जमीन कुठे आहे हे पायाला नीट कळत नाही, म्हणून काकू बघून बघून चालतात. अंधारात तोही आधार जातो. त्यात या आजारात लघवीची घाई होते. म्हणजे रात्री दोन वाजता, दिवा न लावता, ओल्या बाथरूमकडे धावपळ. उन्हाळ्यात किंवा कढत पाण्याने अंघोळ केली तरी पायातलं बळ जातं. (मी शहाणा त्यांना गरम पाण्याने शेका म्हणून सांगत होतो.) शिवाय स्टिरॉइड आणि कमी हालचाल, त्यामुळे हाडं ठिसूळ.

निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांत दिसलंय की तीन महिन्यांच्या काळात या आजाराचे निम्म्याहून जास्त रुग्ण एकदा तरी पडतात. मग याला 'चुकून पडल्या' कसं म्हणायचं?

आता पैशाचं बघा. खुब्याच्या ऑपरेशनचे पैसे विम्याने दिले. पण तोल सांभाळायचे व्यायाम शिकवायला फिजिओथेरपिस्ट घरी यायचे, तो खर्च विम्यात बसेना, म्हणून गेल्या वर्षी काकांनी ते बंद केलं. हाड मोडलं की पैसे मिळणार, मोडू नये म्हणून नाही. हा कुठला हिशेब?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत या आजाराचं नाव आहे. सार्वजनिक इमारती सुगम करा, असंही तो कायदा सांगतो. पण आपल्या घराच्या दाराशी काय? प्रवेशाच्या चार पायऱ्यांना कठडा लावा, असा काकांचा अर्ज सोसायटीच्या सभेत दोनदा आला. दोन्ही वेळा "बघू". कठड्याने शोभा जाते म्हणे. लॉबीत मात्र गुळगुळीत ग्रॅनाइट बसला. मी त्या दोन्ही सभांना होतो आणि गप्प बसलो.

येत्या रविवारी पुन्हा सभा आहे. कठड्याचा विषय पहिला घ्या, असं पत्र मी आज सेक्रेटरींना दिलंय. बाथरूममध्ये धरायच्या दांड्या आणि रात्रीचा दिवा काकांनी कालच बसवून घेतला. काकू अजून दवाखान्यातच आहेत.